फोर्ट लॅरमीचा तह (१८६८) आणि ब्लॅक हिल्सचा प्रश्न : अमेरिकेच्या पश्चिम विस्तारातील करार व बळ

प्रस्तावना :

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेच्या पश्चिमेकडील विस्ताराची मांडणी सामान्यतः खरेदी, युद्ध आणि वसाहत या क्रमाने केली जाते. १८०३ मध्ये दीड कोटी डॉलर देऊन फ्रान्सकडून लुइझियाना प्रदेश घेण्यात आला, १८४८ मध्ये मेक्सिकोच्या पराभवानंतर नैऋत्येकडील विस्तीर्ण भूभाग मिळाला आणि १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकऱ्यांना १६० एकरांपर्यंत जमीन देऊ केली. या मांडणीत एक प्रश्न मागे पडतो. फ्रान्सने विकला तो त्या प्रदेशावरील आपला दावा होता. प्रत्यक्ष भूमी तेथील मूळ रहिवाशांच्या ताब्यात होती. ती अमेरिकन शासनाकडे कशी आली? प्रस्तुत लेखात सू जमातींच्या, विशेषतः त्यांतील लाकोटा शाखेच्या, ब्लॅक हिल्सवरील हक्काच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

१८६८ चा तह :

मूळ रहिवाशांच्या जमातींशी तह करून भूमी मिळविणे ही अमेरिकन शासनाची जुनी पद्धती होती. १८५१ च्या फोर्ट लॅरमी येथील पहिल्या तहात जमातींना पन्नास वर्षे वार्षिक मदत देण्याचे ठरले होते. सिनेटने ही मुदत दहा वर्षांवर आणली. पुढे माँटानातील सोन्याच्या खाणींकडे जाणाऱ्या बोझमन मार्गावर लष्कराने ठाणी उभारली, तेव्हा रेड क्लाउड या लाकोटा नेत्याने सशस्त्र प्रतिकार केला. डिसेंबर १८६६ मध्ये फेटरमनची ८१ जणांची तुकडी पूर्णतः मारली गेली. अखेर शासनाने ती ठाणी सोडली आणि त्यानंतरच, नोव्हेंबर १८६८ मध्ये, रेड क्लाउडने नव्या तहावर सही केली.

या तहाने मिसुरी नदीच्या पश्चिमेकडील, आजच्या दक्षिण डकोटा राज्याचा ब्लॅक हिल्ससह मोठा भाग सू जमातींच्या निर्वेध वापरासाठी राखून ठेवला. तहाचे बारावे कलम विशेष महत्त्वाचे आहे. प्रौढ पुरुषांपैकी किमान तीन-चतुर्थांश जणांच्या सह्यांशिवाय या भूमीचा कोणताही भाग सोडून देण्याचा करार वैध ठरणार नव्हता.

सोने आणि तहभंग :

१८७१ मध्ये काँग्रेसने जमातींशी नवे तह करण्याची पद्धती बंद केली. जुन्या तहांची बंधने मात्र कायम राहिली. १८७३ च्या आर्थिक अरिष्टानंतर सोन्याची ओढ वाढली होती. अशा वेळी, १८७४ च्या उन्हाळ्यात, कस्टरच्या नेतृत्वाखाली सुमारे एक हजार जणांची मोहीम ब्लॅक हिल्समध्ये गेली आणि तेथे सोने असल्याचे वृत्त देशभर पसरले. खाणकऱ्यांना अटकाव करणे ही शासनाची जबाबदारी होती. १८७५ मध्ये शासनाने ६० लाख डॉलरला खरेदीचा किंवा वार्षिक चार लाख डॉलर देऊन खाणहक्कांचा प्रस्ताव मांडला. तो नाकारला गेला. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी खाणकऱ्यांना लष्कराकरवी रोखणे थांबविण्याचा निर्णय घेतला. राखीव क्षेत्राबाहेर शिकारीच्या प्रदेशात असलेल्या गटांना ३१ जानेवारी १८७६ पूर्वी शासकीय केंद्रांवर हजर होण्याचा आदेश देण्यात आला. ऐन हिवाळ्यात त्याचे पालन जवळजवळ अशक्य होते. तरीही मुदत संपताच लष्करी कारवाई सुरू झाली.

जून १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्न येथे कस्टरसह त्याच्या रेजिमेंटचे अडीचशेहून अधिक सैनिक मारले गेले. मात्र या विजयाने प्रश्न सुटला नाही. ऑगस्टमध्ये काँग्रेसने ब्लॅक हिल्स सोडल्याशिवाय शिधा मिळणार नाही अशी अट घातली. बायसनचे कळप झपाट्याने घटत असल्याने शिधा हाच अनेकांचा आधार उरला होता. या परिस्थितीतही प्रौढ पुरुषांपैकी केवळ सुमारे दहा टक्के लोकांनी सह्या केल्या. बारावे कलम पाहता हा करार उघडपणे अवैध होता. तरीही २८ फेब्रुवारी १८७७ च्या कायद्याने काँग्रेसने त्याला मान्यता दिली.

न्यायालयीन परिणती :

सू जमातींनी १९२३ मध्ये दावा दाखल केला. १९४२ मध्ये तो फेटाळला गेला, परंतु त्यांनी लढा सोडला नाही. ३० जून १९८० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने भरपाईचा निकाल दिला. भूमीचे १८७७ मधील मूल्य १.७१ कोटी डॉलर आणि त्यावर व्याज, अशी एकूण रक्कम दहा कोटी डॉलरहून अधिक झाली. जमातींनी ती स्वीकारलेली नाही. रक्कम घेणे म्हणजे विक्री मान्य करणे होय, ही त्यांची भूमिका आहे.

समारोप :

ब्लॅक हिल्सच्या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पश्चिम विस्तार केवळ शस्त्रबळावर झाला नाही. तह, आयोग, शिधा आणि कायदा ही त्याची तितकीच प्रभावी साधने होती आणि आपण केलेला तह अडचणीचा ठरताच शासनाने तो एकतर्फी बाजूला सारला. दुसरी, ज्या तहाने १८७७ मध्ये भूमीचे रक्षण केले नाही, त्याच तहाच्या शब्दांवर शंभर वर्षांनंतरचा दावा उभा राहिला. न्यायालयाने अन्यायाची किंमत ठरवली, पण भूमी परत दिली नाही. म्हणूनच पश्चिम विस्तार हा १८९० मध्ये संपलेला अध्याय म्हणून शिकविणे अपुरे ठरते. त्याचा हिशेब अद्याप पूर्ण झालेला नाही.