वाळूतली अक्षरं आणि शेजारचा मास्तर

मद्रासमध्ये ईस्ट इंडिया कंपनीने १७८९ मध्ये अनाथ मुलग्यांसाठी एक आश्रमशाळा चालवायला घेतली. युरोपियन सैनिक आणि हिंदी स्त्रिया यांची ही मुलं. कुणाचा बाप लढाईत मेलेला, कुणाचा नुसताच निघून गेलेला. शाळेवर देखरेख करायला अँड्र्यू बेल नावाचे स्कॉटिश पाद्री नेमले गेले. बेल मूळचे सेंट अँड्र्यूज गावचे. पदार्थविज्ञानाची त्यांना आवड होती आणि मद्रासेत आल्यावर त्यांनी या विषयावर प्रयोगांसह जाहीर व्याख्यानंही दिली होती. शाळेच्या कामाचा पगार मात्र त्यांनी नाकारला.

शाळेची अवस्था वाईट होती. शिकवणारी मोठी माणसं कंटाळलेली होती आणि धाकट्या मुलांना अक्षरओळखही होत नव्हती. अशा दिवसांत बेल एका सकाळी घोड्यावरून चालले असताना त्यांना एक गावठी शाळा दिसली. मुलं जमिनीवर बसली होती. पुढ्यात वाळू पसरलेली. बोटाने त्या वाळूत अक्षर काढायचं, तोंडाने ते म्हणायचं, हाताने वाळू सारखी करायची आणि पुन्हा काढायचं. बेल तसेच आपल्या शाळेत आले आणि सर्वांत खालच्या वर्गाला असंच शिकवा म्हणून शिक्षकांना सांगितलं.

शिक्षकांनी ऐकलं नाही. हे जमणार नाही, असं ठरवूनच ते टाळत राहिले. (वरून आलेला नवा उपक्रम आणि खालची टाळाटाळ हे नातं फार जुनं आहे, आणि दरवेळी चूक खालच्यांचीच असते असंही नाही.) शेवटी बेलनी शिक्षकांचा नाद सोडला आणि शाळेतल्याच एका मुलाला बोलावलं. जॉन फ्रिस्कन त्याचं नाव, वय आठच्या आसपास, एका साध्या शिपायाचा मुलगा. अक्षरओळखीचा वर्ग त्याच्यावर सोपवला. जे मोठ्यांना अशक्य वाटत होतं ते फ्रिस्कनने करून दाखवलं. मग बेलनी एकेक करून सगळेच वर्ग मुलांच्या हाती दिले. प्रत्येक वर्गात जोड्या लावल्या, एक शिकवणारा आणि एक शिकणारा. प्रकृतीच्या कारणाने १७९६ मध्ये ते इंग्लंडला परतले आणि पुढच्या वर्षी या प्रयोगाचा अहवाल लंडनमध्ये छापला. पुढे याला 'मद्रास पद्धत' असं नाव पडलं.

वाळूची कल्पना आपण कुठून उचलली हे बेलनी लपवलं नाही. मुलांनी मुलांना शिकवणं मात्र ते स्वतःचा शोध मानत. इथे थोडं मागे गेलं पाहिजे.

बेलच्या आधी दीडशेहून अधिक वर्षं, म्हणजे १६२३ मध्ये, पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी पोर्तुगीज वकिलाबरोबर गोव्याहून इक्केरीच्या नायकांच्या राज्यात निघाला होता. वाटेत घाटात मुक्काम पडला. तिथे एका देवळाच्या ओसरीत त्याला चार लहान मुलं अंकगणित शिकताना दिसली. जमिनीवर बारीक वाळू पसरलेली होती. एकजण धड्याचा तुकडा सुरात म्हणे आणि म्हणता म्हणता बोटाने लिही. बाकीचे तिघे तेच म्हणत, तेच लिहीत. जागा भरली की वाळू सारखी करून नवी पसरत आणि पुढे जात. देल्ला व्हाल्लेला नवल वाटलं, कारण तिथे मास्तर दिसत नव्हता. त्याने विचारलं, चुकलात तर सांगणार कोण? मुलांचं उत्तर असं होतं की चौघेही एकाच वेळी एकाच जागी अडतील हे होणं नाही. म्हणून तर आम्ही एकत्र बसतो, एक चुकला तर दुसरा त्याचा मास्तर.

हे उत्तर मला फार आवडतं. कुणी हुशार मुलगा नेमून दिलेला नाही. ज्याला ज्या क्षणी येतं तो त्या क्षणापुरता मास्तर, आणि पुढच्या ओळीला तोच विद्यार्थी. बेलच्या जोड्यांमध्ये यातलं थोडं उरलं होतं. इंग्लंडात गेल्यावर तेही गेलं.

आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळांतही हीच रीत होती. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची आणि त्यात बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचं. म्हणून तिचं नाव धूळपाटी आणि पहिल्या धड्यांचं नाव धुळाक्षरं. पंतोजी एक आणि मुलं वेगवेगळ्या वयांची, तेव्हा धाकट्यांना गिरवायला लावण्याचं काम ओघानेच थोरल्यांकडे येई. कागद महाग होता हे धूळपाटीचं एक कारण, पण तेवढंच म्हणून ते सोडून देता येत नाही. धुळीत चूक टिकत नाही. हात फिरवला की पाटी कोरी. वहीतली खाडाखोड आणि तांबडी शाई ज्यांनी पाहिली आहे त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता या पद्धतीकडे आजच्या नजरेने पाहू. अक्षर हाताने काढल्याने ते डोळ्यांना ओळखू येतं का? अमेरिकेत कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट या संशोधकांनी २०१२ मध्ये अजून वाचू न शकणाऱ्या, पाच वर्षांच्या आसपासच्या मुलांवर एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. काही अक्षरं मुलांनी स्वतःच्या हाताने काढली, काही ठिपक्यांवरून गिरवली, तर काही कळ दाबून टंकित केली. नंतर तीच अक्षरं दाखवून मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. मोठी माणसं वाचत असताना मेंदूचे जे भाग काम करतात ते स्वतः काढलेल्या अक्षरांच्या वेळी सर्वांत ठळकपणे जागे झाले. टंकित केलेल्याच नव्हे, गिरवलेल्या अक्षरांनाही तितका प्रतिसाद मिळाला नाही. याचं एक कारण असं मानलं जातं की मुलाने स्वतः काढलेलं अक्षर दरवेळी थोडं निराळं येतं. कधी पोट मोठं, कधी दांडी तिरपी. एवढ्या वाकड्यातिकड्या रूपांतून 'हाही म आणि तोही म' हे मुलाला कळतं. ठिपक्यांच्या रेषेवरून पेन्सिल नेताना हा घोळ होतच नाही, आणि शिकायचं असतं ते नेमकं त्या घोळातून. प्रयोग लहान आहे, त्यावर फार मोठा इमला चढवू नये. पण गिरवून घेण्याच्या वह्यांवर आपण जेवढा वेळ घालवतो त्याचा फेरविचार करायला तो पुरेसा आहे. मारिया माँटेसरींच्या खरखरीत कागदाच्या अक्षरांतही बोट फिरवणं आणि उच्चार जोडीने येतात, पण तिथेही पुढची पायरी मुलाने स्वतः लिहिण्याचीच आहे.

इंग्लंडातली गोष्ट पुढे दोन वाटांनी गेली. जोसेफ लँकेस्टर नावाच्या क्वेकर पंथाच्या तरुणाने लंडनच्या दक्षिण भागात १७९८ मध्ये गरीब मुलांसाठी शाळा काढली. शिक्षक ठेवायला पैसे नव्हते, म्हणून त्यानेही मुलांनाच 'मॉनिटर' केलं. आपल्या वर्गांत मॉनिटर हा शब्द आला तो याच परंपरेतून. लँकेस्टर आणि बेल यांच्या पाठीराख्यांत पहिला कोण यावरून बरीच वर्षं वाद चालला. त्यात पंथांची भांडणं मिसळली आणि दोन वेगळ्या संस्था उभ्या राहिल्या. त्या वादात आपण शिरायचं कारण नाही.

लँकेस्टरची एक युक्ती मात्र बघण्यासारखी आहे. त्याच्याकडे सर्वांत खालचा वर्ग काळ्या रंगवलेल्या बाकावर पसरलेल्या वाळूत लिही. अक्षरं त्याने वर्णक्रमाने न घेता आकाराने लावली होती. आधी उभ्या-आडव्या रेषांची, मग तिरप्या रेषांची, मग गोलाईची. मराठी शिक्षकाला यावरून लगेच 'ग म भ न' आठवेल. आपली वर्णमाला रचलेली आहे ती तोंडातल्या जागांप्रमाणे. 'क' कंठातून निघतो, 'प' ओठांवर येतो. ध्वनिशास्त्र म्हणून ही रचना अप्रतिम आहे. पण पाच वर्षांच्या हाताला 'क'पासून सुरुवात ही शिक्षाच, आणि पहिल्याच ओळीच्या शेवटी बसलेला 'ङ' तर मुलाला पुढे कुठल्या शब्दात भेटणारही नाही. 'गमभन' हाताची सोय पाहतं. शिवाय त्या चार अक्षरांतून नग, मग, मन, नभ असे शब्दही लगेच तयार होतात. यातले मुलाच्या बोलण्यातले किती, हा प्रश्न मात्र मनात ठेवू. पुढे तो लागणार आहे.

लँकेस्टरच्या शाळेत एका मास्तरावर हजार मुलं असू शकत. पुस्तकं विकत घ्यावी लागू नयेत म्हणून धडा मोठ्या टाइपात कागदावर छापून भिंतीला टांगायचा आणि भोवती मुलांनी अर्धवर्तुळात उभं राहायचं. खर्च इतका कमी की सरकारं आणि देणगीदार खूष झाले. पण एवढी मुलं सांभाळायची म्हणजे सगळं हुकमावर आलं. वाळू सारखी करा, लिहा, थांबा, दाखवा. लँकेस्टर छड्या मारण्याच्या विरुद्ध होता, पण त्याच्या जागी त्याने काढलेल्या शिक्षा वाचवत नाहीत. गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवायचा किंवा मुलाला टोपलीत घालून छताला टांगायचं. देवळाच्या ओसरीतली चार मुलं कुठे आणि हे कुठे! मॉनिटर म्हणजे ज्याला आत्ता अडलं नाही तो, हा अर्थ जाऊन मॉनिटर म्हणजे मुकादम झाला. आणि दहा वर्षांचा मुकादम दुसऱ्याला फार तर आपल्याला पाठ असलेलंच देऊ शकतो. अक्षराचं नाव सांगता येतं, हिज्जे तपासता येतात. धड्यातली गोष्ट कळली का, हे तपासणं त्याच्या हातचं नव्हतं.

मग ही पद्धत जहाजाने परत आली. मुंबईत १८१५ मध्ये बॉम्बे एज्युकेशन सोसायटी निघाली, तिच्या शाळा बेलच्या धर्तीवर चालत. एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना देशी शाळांची स्थिती पाहण्यासाठी नेमलेल्या समितीने १८२३ मध्ये पुस्तकांचा तुटवडा, चांगल्या अध्यापनपद्धतीचा अभाव, लायक शिक्षकांची उणीव आणि पैशांची टंचाई ही दुखणी सांगितली. अध्यापनपद्धतीवर उपाय सुचवला तो लँकेस्टरचा. म्हणजे मद्रासच्या वाळूतून उचललेली गोष्ट लंडनला जाऊन, कवायत शिकून, विलायती सुधारणा म्हणून पंतोजींच्या दारात उभी राहिली. प्रशिक्षण दिलेले चोवीस शिक्षक १८२६ मध्ये मराठी आणि गुजराती मुलखात पाठवले गेले. छापील पुस्तकंही येऊ लागली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचं 'बाळमित्र' १८२८ मधलं. तोवर पंतोजींच्या शाळेत छापील पुस्तक नव्हतं. तिथलं वाचन म्हणजे मुख्यतः मोडीतली पत्रं आणि हिशेबाचे कागद. ते रुक्ष होतं खरं, पण घरी आलेलं पत्र पोराकडून वाचून घेतलं जाई तेव्हा त्या वाचनाला काही काम असे.

याच सुमारास मद्रास इलाख्याचे गव्हर्नर टॉमस मन्रो यांनी जिल्ह्याजिल्ह्यातून शाळांची माहिती मागवली होती. बेल्लारीचे कलेक्टर ए. डी. कॅम्बेल यांनी १८२३ मध्ये पाठवलेलं उत्तर आपण शिक्षकांनी वाचावं असं आहे. वाळूत लिहायला शिकवण्यातली काटकसर आणि पुढच्या मुलांनी मागच्यांना शिकवणं, यात शिकवणाऱ्याचंही ज्ञान पक्कं होतं, हे त्यांनी मोकळेपणाने वाखाणलं. इंग्लंडने याचं अनुकरण केलं ते योग्यच, असंही म्हटलं. मग दोष सांगितला. मुलं जी पुस्तकं वाचतात ती काव्याच्या भाषेत आहेत आणि ती भाषा बोलीपासून फार दूर आहे. मुलं अक्षरं बरोबर उच्चारतात, पानंच्या पानं म्हणून दाखवतात, पण अर्थ त्यांना कळत नाही. पुष्कळदा शिकवणाऱ्यालाही कळत नाही.

कॅम्बेल कंपनीचे अधिकारी होते आणि देशी शाळांकडे ते वरूनच पाहत होते, हे धरूनही हे निरीक्षण खोटं म्हणता येत नाही. लँकेस्टरच्या भिंतीवरच्या धड्यांची गतही निराळी नव्हती. हात आणि तोंड एकत्र चालवून अक्षर पक्कं होतं. शेजारचा मास्तर असला तर भीतीही जाते. पण अक्षरामागचा शब्द मुलाच्या घरात बोलला जात नसेल तर वाळू काय करणार? घरी अहिराणी, वारली किंवा गोंडी बोलणारं मूल आपल्या वर्गात 'नभ' वाचतं तेव्हा ते बेल्लारीच्या त्या मुलाच्याच जागी बसलेलं असतं.

म्हणून वाळूचं ताट वर्गात आणायचंच असेल (जुनी परात आणि चाळलेली रेती पुरते, ताटाचा तळ काळा रंगवला तर अक्षर उठून दिसतं), तर त्यात पहिला शब्द मुलाकडूनच घ्यावा. बोकड, आजी, डबा, धाकट्या बहिणीचं नाव, काहीही. जोडाक्षर आलं तर येऊ द्यावं. चार जणांचं एक ताट करावं आणि कुणालाही प्रमुख नेमू नये. घरी हेच काम चुलीजवळच्या राखेत किंवा अंगणातल्या धुळीत होतं. आईला अक्षर येत नसलं तरी चालतं. मूल काढतं ते काय आहे हे तिने विचारायचं, आणि मुलाने तिला वाचून दाखवायचं.

बेलनी मरताना आपली बरीचशी संपत्ती शिक्षणासाठी ठेवली. सेंट अँड्र्यूज गावात त्या पैशातून उभी राहिलेली शाळा आजही चालू आहे. तिचं नाव मद्रास कॉलेज.