भुकेला कोंडा

'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. ज्याला खरी भूक लागली आहे त्याला कोंडाही चालतो, असा तिचा अर्थ. कोंड्याचा मांडा करणारी गृहिणी हाही आपल्या भाषेतला असाच एक कौतुकाचा विषय. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती ही की कोंडा म्हणजे अन्नातला टाकाऊ भाग. चाळणीत उरावा आणि गाईच्या आंबोणात जावा. या गृहीताची किंमत माणसाच्या आतड्यांनी कशी मोजली, आणि ती मोजली जात आहे हे वैद्यांच्या लक्षात यायला किती काळ लागला, हा आजचा आमचा विषय आहे. तो चारचौघांत काढण्यासारखा नाही याची आम्हाला जाणीव आहे. परंतु सकाळी कोठा साफ झाला की नाही यावर ज्या घरातल्या वडीलधाऱ्यांचा सबंध दिवस अवलंबून असतो, अशी घरे आपल्या गावात थोडीथोडकी नसतील. तेव्हा संकोच बाजूला ठेवून सुरुवात करू.

युरोपात पांढरी पोळी, म्हणजे पांढरा पाव, शतकानुशतके श्रीमंतांच्या ताटातली वस्तू होती. दगडी जात्यावर गहू दळला की दाण्याचा गाभा, वरचे साल आणि आतला अंकुर ही तिन्ही एकत्र भरडली जातात. त्यातून शुभ्र पीठ काढायचे तर ते बारीक कापडातून पुनःपुन्हा चाळावे लागे. ते गरिबाला परवडत नसे. गरीब माणूस कोंड्यासकटचा काळपट पाव खाई आणि श्रीमंताच्या पावाकडे पाहून सुस्कारा टाकी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटले, आणि ते पालटवले पोलादी रुळांच्या गिरणीने. बुडापेस्टच्या गिरण्या या कामात अग्रेसर होत्या. 1880 नंतर इंग्लंडातही या गिरण्या झपाट्याने पसरल्या. रुळांच्या गिरणीत दाणा भरडला जात नाही, तो उकलला जातो. साल सोलून निघते, अंकुर चपटा होऊन बाजूला पडतो आणि मागे राहतो तो केवळ पिठूळ गाभा. अंकुरात तेल असते आणि ते तेल खवट होते म्हणून जात्याचे पीठ फार दिवस टिकत नाही. गिरणीचे पीठ महिनोन्‌महिने टिकू लागले. समुद्रापलीकडून येणारा गहू, बंदरातल्या प्रचंड गिरण्या आणि दूरवरची बाजारपेठ या सर्वांना असे टिकाऊ पीठच हवे होते. कोंडा काढण्यामागे चवीपेक्षा साठवणीचा हिशेब मोठा होता, हे आपण विसरता कामा नये. एका पिढीच्या आत श्रीमंतांचा पाव मजुरांच्या ताटात आला. मजुरांना त्याचा आनंद झाला, आणि तो व्हावा हे स्वाभाविकच होते.

याला विरोध करणारे लोक या गिरण्यांच्याही आधीपासून होते. अमेरिकेत सिल्व्हेस्टर ग्रॅहम नावाचे एक धर्मोपदेशक गावोगाव व्याख्याने देत हिंडत, आणि कोंड्यासकट पिठाचा घरी भाजलेला पाव खा, असे सांगत. 1837 साली बोस्टनमध्ये पाववाले आणि खाटीक यांचा जमाव त्यांच्यावर चालून गेला. आहारावरील व्याख्यान उधळायला लोक जमावाने यावेत, ही कोणाही वक्त्याला हेवा वाटावा अशी गोष्ट आहे! पण ग्रॅहम यांचा कोंडा हा नीतीचा भाग होता; पुराव्याचे शास्त्र त्यामागे नव्हते.

शास्त्र ज्यांच्या हाती होते त्यांनी काय केले, ते ऐकण्यासारखे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या गाईज रुग्णालयात सर विल्यम आर्बथनॉट लेन हे अत्यंत कुशल शस्त्रवैद्य होते. बद्धकोष्ठाने आतड्यात मळ साचतो, त्याचे विष रक्तात भिनते आणि त्यातून नाना व्याधी होतात, असे त्यांचे मत होते. त्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे मोठे आतडेच कापून काढणे. असे अनेक रुग्ण त्यांनी कापले. काही बरे झाल्याचे सांगत, काही दगावले. त्याच सुमारास पॅरिसमध्ये मेचनिकॉफ हे थोर जीवशास्त्रज्ञ मोठे आतडे हा शरीरातला निरुपयोगी आणि घातक अवयव आहे असे प्रतिपादन करीत होते. त्यांचा उपाय मात्र सौम्य होता, तो म्हणजे आंबवलेले दूध. (ताक पिणाऱ्या आपल्या माणसांना हे ऐकून बरे वाटेल.) या विषाच्या कल्पनेवर 1913 साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये मोठा वादविवाद झाला आणि पुढे ती कल्पना मागे पडली. लेन यांच्याविषयी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. उतारवयात त्यांनी सुरी खाली ठेवली, 1925 मध्ये 'न्यू हेल्थ सोसायटी' स्थापन केली आणि कोंड्याचा पाव, फळे व भाजीपाला यांचा प्रचार आरंभला. ज्या दुखण्यासाठी आपण आतडे कापीत होतो ते दुखणे स्वयंपाकघरात सुरू होते, हे त्यांना कळले; पण ज्यांचे आतडे गेले त्यांना त्याचा काय उपयोग!

आता थोडे आपल्या देशाकडे येऊ. दक्षिणेत कुन्नूर येथे रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांची आहारसंशोधनाची प्रयोगशाळा होती. हीच संस्था 1958 मध्ये हैदराबादला गेली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. मॅक्‌कॅरिसन यांनी उंदरांचे गट करून एकाला शिखांचा आहार, दुसऱ्याला पठाणांचा, तिसऱ्याला मराठ्यांचा, याप्रमाणे गुरखे, कानडी, बंगाली आणि मद्रासी यांचे आहार दिले. शिखांच्या आहारावरचे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले, त्याखालोखाल पठाणी आहाराचे, आणि तिसरा क्रमांक मराठी उंदरांचा! सडलेल्या पांढऱ्या तांदळावर भिस्त असलेला मद्रासी आहार शेवटी राहिला. निकृष्ट आहारावर वाढलेल्या प्राण्यांत जठराचे व आतड्याचे विकार दिसतात, हेही त्यांनी नोंदवले. मात्र त्यांचे लक्ष दूध, भाजी आणि जीवनसत्त्वे यांच्याकडे होते. कोंड्याच्या सालीतले न पचणारे तंतू हे स्वतः काही काम करतात, हा विचार तेव्हा पुढे आलेला नव्हता. जे पचत नाही त्याचा शरीराला उपयोग तो काय, अशीच सर्वांची समजूत होती.

ती समजूत हलली ती काहीशी आडवाटेने. दुसऱ्या महायुद्धात 'किंग जॉर्ज पाचवा' या ब्रिटिश युद्धनौकेवर क्लीव्ह नावाचे एक डॉक्टर होते. महिनोन्‌महिने समुद्रावर, ताजी भाजी दुर्मीळ, आणि खलाशी बद्धकोष्ठाने हैराण. 1941 मध्ये क्लीव्ह यांनी गव्हाच्या कोंड्याची पोती बोटीवर मागवली आणि तो खलाशांना खायला घातला, तक्रारी मिटल्या. युद्धानंतर क्लीव्ह लिहीत राहिले की पांढरी साखर आणि पांढरे पीठ हीच आधुनिक रोगांची मुळे आहेत. फारसे कोणी ऐकले नाही. 1967 मध्ये त्यांची गाठ डेनिस बर्किट यांच्याशी पडली.

बर्किट हे आयर्लंडचे, लहानपणी एक डोळा गमावलेले. युगांडात कंपाला येथे त्यांनी वर्षानुवर्षे शस्त्रवैद्य म्हणून काम केले होते, आणि मुलांच्या जबड्याच्या एका कर्करोगाला त्यांचे नाव मिळाले होते. क्लीव्ह यांचे म्हणणे ऐकताच त्यांना आठवले की इंग्लंडच्या रुग्णालयांत रोज दिसणारे आंत्रपुच्छाचा दाह, मूळव्याध, मोठ्या आतड्याला येणाऱ्या पिशव्या हे विकार युगांडातल्या खेड्यांत आपण क्वचितच पाहिले. आफ्रिकेतल्या मिशन रुग्णालयांना ते पत्रे पाठवून माहिती मागवू लागले. मग जोहान्सबर्गचे वॉकर आणि लंडनचे पेंटर यांच्या साहाय्याने त्यांनी मळाचे मापनच सुरू केले. क्ष-किरणांत दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्या माणसाला गिळायला द्यायच्या आणि त्या बाहेर पडायला किती तास लागतात ते पाहायचे. 1972 साली 'लॅन्सेट'मध्ये आकडे प्रसिद्ध झाले. ब्रिटिश नाविक आणि त्यांच्या बायका यांचा रोजचा मळ सुमारे 104 ग्रॅम आणि अन्नाचा प्रवास सुमारे 83 तासांचा. युगांडाच्या खेडुतांचा मळ सुमारे 470 ग्रॅम आणि प्रवास अवघा 36 तासांचा. ज्या देशात मळ मोठा तिथे रुग्णालये लहान पुरतात, असे बर्किट आपल्या व्याख्यानांत म्हणत. आफ्रिकेत पहाटे फिरताना घेतलेली मळाची छायाचित्रे ते पडद्यावर दाखवीत, आणि सभ्य श्रोते ती पाहत बसत.

एवढ्यावर भाषण थांबवले असते तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण इतिहास एवढा सोपा नाही. युगांडाचा खेडूत आणि पोर्ट्‌समथचा नाविक यांच्यात केवळ कोंड्याचाच फरक नव्हता; कष्ट, वय, मांसाहार, संडासाला बसण्याची रीत, सारेच निराळे होते. आतड्यातल्या पिशव्या तंतूंच्या अभावानेच येतात या बर्किट-पेंटर यांच्या मताला 2012 मध्ये अमेरिकेतल्या एका तपासणीने चांगलाच धक्का दिला. तिथे जास्त तंतू खाणाऱ्यांत त्या पिशव्या उलट अधिक आढळल्या. ज्यांचे आतडे मुळातच हळवे, वारंवार मुरडा आणि पोटफुगी होणारे, त्यांना गव्हाचा कोंडा पुष्कळदा बाधतो, हे 1994 मध्ये मँचेस्टरच्या वैद्यांनी दाखवले. तशांना इसबगोल अधिक मानवतो. तो गुजरातेत उंझा आणि सिद्धपूरच्या बाजूला पिकतो आणि जगभर जातो. आपल्या आजीबाईंच्या बटव्यात तो या सर्व शोधांच्या फार आधीपासून होता.

कोंडा आतड्यात करतो तरी काय? बर्किट यांना तो पाणी धरून ठेवणारा स्पंज वाटे, आणि तेही खरे आहे. पण 1980 मध्ये स्टीफन आणि कमिंग्ज यांनी केंब्रिजला मळाचे पृथक्करण केले, तेव्हा पाणी वगळता उरलेल्या भागापैकी निम्म्याहून अधिक वजन जंतूंचेच निघाले. भाजीचे तंतू हे या जंतूंचे अन्न आहे. ते खाऊन जंतू वाढतात, मळ वाढतो, आणि त्यांच्या आंबवण्यातून ब्युटिरेट नावाचे एक आम्ल तयार होते, ज्यावर मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. मेचनिकॉफ यांनी निरुपयोगी ठरवलेला आणि लेन यांनी कापून टाकलेला अवयव तो हाच! गार झालेल्या शिजलेल्या पिठातला काही भागही लहान आतड्यात न पचता या जंतूंपर्यंत पोचतो. शिळ्या भाकरीला नाके मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे भाकरी जाऊन चपाती आली म्हणून पोट बिघडले, असे पुष्कळ लोक म्हणतात. आम्हाला ते पुरतेसे पटत नाही. 1956 नंतर अमेरिकी गहू आला, 1972 च्या दुष्काळात मिलो आणि सुकडी आली, रेशनने गव्हाची सवय लावली, हे खरे; परंतु चक्कीवर दळलेल्या कणकेत कोंडा बराचसा राहतो. खरी घट झाली ती हातसडीचा तांदूळ जाऊन गिरणीचा पांढरा तांदूळ आला तिथे, आणि सकाळच्या न्याहारीला भाकरीच्या जागी मैद्याचा पाव नि बिस्कीट आले तिथे. हे कोणी लादले नाही. बुडापेस्टच्या गिरणीने मजुराला जे दिले तेच आपणही आनंदाने घेतले.

हा बदल किती लवकर भिनतो त्याचा एक प्रयोग 2015 साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत पिट्सबर्गचे वीस कृष्णवर्णीय नागरिक आणि दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातले वीस जण निवडले आणि दोन आठवडे त्यांच्या जेवणाची अदलाबदल केली. अमेरिकनांना मका, कडधान्ये असे तंतुमय अन्न. आफ्रिकनांना मांस आणि तळलेले बटाटे. दोन आठवड्यांत अमेरिकनांच्या आतड्यातले ब्युटिरेट सुमारे अडीच पट झाले आणि अस्तराचा दाह उतरला. आफ्रिकनांचे ब्युटिरेट निम्म्यावर आले, आणि ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या मक्याच्या घाट्यावर गेल्या त्यांच्या आतड्यांत चौदा दिवसांत दाहाच्या खुणा दिसू लागल्या.