शिमल्याहून मनालीस, स्पितीच्या वाटेने

शिमला आणि मनाली ही नावे मराठी पर्यटकास नवी नाहीत. बहुतेक सहलींत शिमल्याहून मंडी व कुलूमार्गे सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर कापून मनाली गाठली जाते आणि हिमाचल प्रदेश पाहून झाला असे मानले जाते. या दोन गावांना जोडणारा आणखी एक रस्ता आहे. तो सतलज नदीच्या काठाने किन्नौर जिल्ह्यात शिरतो, तिबेटच्या सीमेजवळून स्पिती नदीच्या खोऱ्यात वळतो आणि कुंजुम खिंड ओलांडून मनालीकडे उतरतो. आडवाटांची गावे धरल्यास हा प्रवास साडेसहाशे किलोमीटरांहून अधिक भरतो. देवदारांची दाट वने, सफरचंदाच्या बागा, हिमशिखरे आणि झाडाचे नावही न दिसणारी शीत मरूभूमी ही सारी रूपे या एकाच वाटेवर क्रमाने पाहावयास मिळतात.

या वाटेचा काही भाग ऐतिहासिक आहे. लॉर्ड डलहौसी यांच्या कारकिर्दीत १८५० मध्ये हिंदुस्थान-तिबेट मार्गाचे काम सुरू झाले. शिमल्याहून किन्नौरकडे जाणारा आजचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५ बव्हंशी त्याच मार्गाचा वारसा सांगतो. खाब येथून स्पितीच्या खोऱ्यात शिरणारा पुढील रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५०५ म्हणून ओळखला जातो.

प्रवास कोणत्या बाजूने करावा?

या सहलीतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे आणि तो सोयीचा नसून प्रकृतीचा आहे. मनालीहून काझा केवळ २०० किलोमीटर आहे, तर शिमल्याहून ते सव्वाचारशे किलोमीटरांच्या पुढे जाते. त्यामुळे अनेक जण मनालीकडून निघणे पसंत करतात. परंतु मनाली सुमारे २,००० मीटर उंचीवर असून तेथून निघालेला प्रवासी एकाच दिवसात सुमारे ४,५५० मीटर उंचीची कुंजुम खिंड ओलांडतो आणि रात्री ३,७०० मीटर उंचीवरील काझात मुक्काम करतो. विरळ हवेची सवय होण्यास शरीराला अवधीच मिळत नाही.

शिमल्याकडून गेल्यास चढ पायरीपायरीने होतो. शिमला व सराहन सुमारे २,२०० मीटर, सांगला २,७०० मीटर, कल्पा २,९६० मीटर, ताबो ३,३०० मीटर आणि त्यानंतर काझा. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, असे वैद्यकीय तज्ज्ञ सांगतात. हा मार्ग त्या नियमास बराचसा जुळतो. मुले व ज्येष्ठ नागरिक सोबत असतील, तर शिमल्याकडूनच निघावे.

शिमला ते सराहन

शिमला १८६४ पासून ब्रिटिश राजवटीची उन्हाळी राजधानी होती. १८८८ मध्ये पूर्ण झालेले व्हाइसरॉयचे निवासस्थान आता भारतीय उच्च अध्ययन संस्थेची वास्तू आहे. काल्का-शिमला हा छोटा लोहमार्ग १९०३ मध्ये सुरू झाला व २००८ मध्ये जागतिक वारसा ठरला. पर्यटकाने काल्कापासूनच ही गाडी पकडली, तर प्रवासाचा आरंभ रमणीय होतो.

शिमल्यापासून सुमारे ६५ किलोमीटरवर नारकंडा लागते. तेथून वर जाणारा अरुंद रस्ता हाटू शिखरावर नेतो. सुमारे ३,४०० मीटर उंचीच्या या शिखरावरून निरभ्र सकाळी हिमालयाची दीर्घ रांग दृष्टीस पडते. नारकंड्याजवळचा कोटगढ-ठाणेदार परिसर हिमाचलच्या सफरचंदांचे माहेर आहे. अमेरिकेतून आलेले सॅम्युअल स्टोक्स येथेच स्थायिक झाले व पुढे सत्यानंद स्टोक्स या नावाने ओळखले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी अमेरिकी जातीची सफरचंदे येथे लावली आणि या डोंगराळ भागाचे अर्थकारण पालटले. ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंस फळांनी लगडलेल्या बागा दिसतात.

पुढे रस्ता सतलजच्या पात्राजवळ उतरतो. बुशहर संस्थानची राजधानी असलेले रामपूर नोव्हेंबरातील लवी जत्रेसाठी प्रसिद्ध आहे. ज्योरी येथून १७ किलोमीटर चढून गेल्यावर सराहन येते. येथील भीमाकाली मंदिर काठ-कुणी शैलीचा उत्तम नमुना आहे. लाकडाच्या तुळया आणि दगडाचे थर आलटून पालटून रचून उभारलेल्या या भिंतींना चुन्याची आवश्यकता भासत नाही. अशी रचना भूकंपाचे हादरे सोसते. मंदिरासमोर श्रीखंड महादेवाचे शिखर उभे आहे.

सांगला, चितकुल आणि कल्पा

करछम येथे बास्पा नदी सतलजेस मिळते. तेथून उजवीकडे वळणारी वाट सांगला खोऱ्यात जाते. कड्यांच्या कुशीतून जाणारा हा रस्ता अरुंद आहे. मात्र वर पोहोचताच खोरे रुंदावते आणि नदीकाठची शेते, देवदार व हिमशिखरे एकाच दृश्यात सामावतात. सांगल्याजवळील कामरू किल्ला आणि रक्छम गाव पाहून चितकुल गाठावे. ३,४५० मीटर उंचीवरील हे गाव या खोऱ्यातील शेवटची वस्ती होय. येथे मुक्काम करण्यापेक्षा दिवसा जाऊन रात्री सांगल्यास परतणे प्रकृतीच्या दृष्टीने इष्ट ठरते.

कल्प्याचे जुने नाव चिनी. हे गाव किन्नौरचे मुख्यालय रेकाँग पिओच्या माथ्यावर आहे. समोर ६,०५० मीटर उंचीचे किन्नर कैलास असून त्या रांगेतील शिवलिंगासारखा शिलास्तंभ दिवसभरात प्रकाशानुसार रंग बदलताना दिसतो. स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून ओळखले जाणारे श्यामसरन नेगी याच गावचे. हिमवर्षावाच्या शक्यतेमुळे येथे मतदान देशाच्या इतर भागांपूर्वी घेण्यात आले आणि २५ ऑक्टोबर १९५१ रोजी त्यांनी मत दिले. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. आसपासच्या उतारांवर चिलगोज्याची झाडे आढळतात. हे मौल्यवान बी किन्नौरच्या उत्पन्नाचे एक साधन आहे.

नाको आणि ताबो

कल्प्याच्या पुढे निसर्ग झपाट्याने बदलतो. पावसाचे ढग मागील रांगांवरच अडत असल्याने हिरवाई विरळ होत जाते. खाब येथे स्पिती व सतलज यांचा संगम होतो. तेथून वळणावळणांनी चढत गेल्यावर सुमारे ३,६५० मीटर उंचीवर नाको गाव व त्यातील लहान सरोवर लागते. गावामागे हिमाचलमधील सर्वोच्च शिखर, ६,८१६ मीटर उंचीचे रिओ पुरग्यिल, उभे आहे. नाकोची उंची ताबोपेक्षा अधिक असल्याने येथे थोडा वेळ थांबून ताबोस उतरणे उत्तम.

ताबो येथील बौद्ध विहार इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झाला. पश्चिम तिबेटचा राजा येशे ओ आणि विद्वान भाषांतरकार रिंचेन झांग्पो यांच्याशी या विहाराचे नाव निगडित आहे. १९९६ मध्ये त्याच्या सहस्राब्दीनिमित्त दलाई लामा यांच्या उपस्थितीत येथे कालचक्र सोहळा झाला. बाहेरून पाहता मातीच्या साध्या, बुटक्या इमारती दिसतात. आत मात्र मंद प्रकाशात भित्तिचित्रे आणि मातीत घडविलेल्या मूर्ती भिंतींवर प्रकटतात. म्हणूनच या स्थळास ‘हिमालयातील अजिंठा’ म्हणतात. अजिंठ्याची चित्रे कातळाच्या पोटात सुरक्षित आहेत, तर ताबोची चित्रे मातीच्या भिंतींवर आहेत. अत्यल्प पावसाच्या प्रदेशात ही वास्तू हजार वर्षे टिकली. येथील पाऊसमान वाढत गेल्यास तिला असलेला धोका उघड आहे. आत छायाचित्रे घेण्यास मनाई असून पर्यटकांनी विजेरी घेऊन जावी आणि भिंतींस स्पर्श करू नये.

धनकर, पिन खोरे आणि काझा

ताबोहून काझा सुमारे ४७ किलोमीटर आहे. वाटेत धनकर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. स्पिती व पिन नद्यांच्या संगमावर, झिजलेल्या मातकट सुळक्यांच्या टोकावर हा जुना गोंपा टेकला आहे. धनकर एकेकाळी स्पितीची राजधानी होती. जागतिक स्मारक निधीने २००६ मध्ये या गोंपाचा समावेश जगातील शंभर संकटग्रस्त वास्तूंच्या यादीत केला होता. समोरच्या पिन खोऱ्यात १९८७ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. हिमबिबट्या व आयबेक्स ही जंगली शेळी यांचे ते वसतिस्थान आहे.

काझा हे स्पितीचे केंद्र. येथे किमान दोन, शक्य असल्यास तीन रात्री राहावे. टेकडीवर घरे रचत गेल्यासारखा दिसणारा की गोंपा ४,१६६ मीटर उंचीवर आहे. पुढे किब्बर गाव व चिचम पूल लागतो. २०१७ मध्ये हा पूल खुला होईपर्यंत चिचमचे ग्रामस्थ तारेवरच्या पाळण्यात बसून खोल दरी ओलांडत असत.

दुसऱ्या दिशेस लांगझा, हिक्किम व कोमिक ही गावे आहेत. हिमालयाच्या जागी पूर्वी टेथिस समुद्र होता याचा पुरावा लांगझाच्या दगडांत सापडतो. आपल्या देवघरातील शाळिग्राम ज्या प्रकारचे जीवाश्म आहेत, तसेच येथेही मिळतात. ते उचलून आणू नयेत, विकतही घेऊ नयेत. हिक्किमचे टपाल कार्यालय १९८३ पासून सुमारे ४,४०० मीटर उंचीवर कार्यरत असून येथून आप्तांना पत्र धाडण्याचा आनंद पर्यटक आवर्जून घेतात.

कुंजुम, चंद्रताल आणि मनाली

काझाहून लोसरमार्गे रस्ता कुंजुम खिंडीत चढतो. खिंडीपलीकडून चंद्रतालकडे जाणारी आडवाट फुटते. सुमारे ४,३०० मीटर उंचीवरील या निळ्या सरोवरास २००५ मध्ये रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. सरोवराच्या काठावर तंबू ठोकण्यास परवानगी नाही. मुक्कामाचे तंबू काही अंतरावर असतात आणि अखेरची वाट पायी चालावी लागते.

बातल ते ग्राम्फू हा टप्पा सर्वांत खडतर. बर्फ वितळून आलेले ओहोळ रस्त्यावरून वाहतात आणि दुपारनंतर त्यांचे पाणी वाढते. म्हणून सकाळी लवकर निघणे हिताचे. ग्राम्फूनंतर कोकसरमार्गे अटल बोगदा गाठता येतो. ९.०२ किलोमीटर लांबीचा हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. त्यामुळे ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड न ओलांडता मनालीस पोहोचता येते.

केव्हा जावे?

कुंजुम खिंड साधारणतः जूनमध्ये खुली होते व ऑक्टोबरनंतर बर्फाने बंद होते. त्यातही जुलैचा मध्य ते ऑगस्टअखेर हा पावसाळी काळ टाळावा. २५ जुलै २०२१ रोजी सांगला खोऱ्यातील बटसेरीजवळ दरड कोसळून नऊ पर्यटक मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी ११ ऑगस्टला निगुलसरी येथे महामार्गावर दरड कोसळून २८ जणांचा बळी गेला. जुलै २०२३ मध्ये अवेळी झालेल्या हिमवर्षावामुळे अडीचशेहून अधिक पर्यटक चंद्रताल येथे अनेक दिवस अडकून पडले होते. स्पितीत पाऊस कमी असला, तरी तेथे नेणारे रस्ते पावसाच्या प्रदेशातून जातात, हे विसरू नये. जूनचा उत्तरार्ध आणि संपूर्ण सप्टेंबर हा सर्वोत्तम काळ होय.

हे ध्यानात ठेवावे

* प्रवासास किमान दहा दिवस द्यावेत आणि परतीच्या तिकिटापूर्वी दोन दिवस राखीव ठेवावेत. रस्ता बंद झाल्यास हे दोन दिवसच उपयोगी पडतात. कुंजुम बंद असल्यास आल्या वाटेने शिमल्यास परतावे लागते.

* डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश ही विरळ हवेची पहिली लक्षणे आहेत. ती जाणवल्यास अधिक उंचीवर जाऊ नये. लक्षणे वाढल्यास त्वरित खाली उतरणे हाच खरा उपाय. मद्यपान टाळावे, पाणी भरपूर प्यावे. हृदयविकार वा श्वसनविकार असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

* रेकाँग पिओ व काझा येथे इंधनाची टाकी पूर्ण भरावी. मधल्या टप्प्यांत पंप मिळेलच असे गृहीत धरू नये. रोख रक्कम जवळ बाळगावी. बातल व चंद्रताल परिसरात मोबाइल फोनवर विसंबता येत नाही.

* भारतीय नागरिकांना या मार्गासाठी इनर लाइन परवाना लागत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी बांधवांना मात्र सीमेलगतच्या टप्प्यासाठी तो आवश्यक आहे.

* रात्री वाहन चालवू नये. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनास प्रथम वाट द्यावी. डोंगराळ रस्त्यांचा सराव नसल्यास स्थानिक चालक घ्यावा. पुढील रस्ता बंद आहे असे त्याने वा ग्रामस्थांनी सांगितल्यास ते प्रमाण मानून मुक्काम वाढवावा.

* स्पितीत पाणी दुर्मीळ आहे आणि कचरा कुजत नाही. पाणी जपून वापरावे आणि प्लास्टिकच्या बाटल्या व वेष्टने आपल्यासोबत परत आणावीत.