ल्युसेट (नौका)

ल्युसेट ही ४३ फूट लांबीची लाकडी शिडाची नौका होती. पूर्वी व्यापारी जहाजांवर अधिकारी असलेले शेतकरी डूगल रॉबर्टसन यांनी शेती विकून ती घेतली व २७ जानेवारी १९७१ रोजी इंग्लंडमधील फाल्मथ बंदरातून सहकुटुंब जगप्रवासास प्रस्थान केले. १५ जून १९७२ रोजी गॅलापागोस बेटांच्या पश्चिमेस ऑर्का देवमाशांच्या धडकेने ती काही मिनिटांत बुडाली. कुटुंबातील पाच जण व एक तरुण सहप्रवासी प्रथम हवेच्या तराफ्यावर आणि तो निकामी झाल्यावर ‘एडनामेअर’ या लहान होडीत राहिले. पावसाचे पाणी, कासवे व मासे यांवर त्यांनी ३८ दिवस काढले. अखेर एका जपानी मासेमारी जहाजाने सर्वांची सुटका केली. रॉबर्टसन यांचे ‘सर्व्हाइव्ह द सॅव्हेज सी’ (१९७३) हे पुस्तक या अनुभवावर आधारित आहे.