कसब : एका शब्दाची कमाई

मराठी समीक्षेत 'कसब' हा शब्द बहुधा अर्ध्या स्तुतीसाठी राखून ठेवलेला असतो. लेखकापाशी कसब आहे असे म्हटले, की पुढचे 'पण' वाचकाला आधीच ऐकू येते. प्रतिभा ही देणगी आणि कसब ही हाताची सफाई, अशी ही उतरंड आहे. शब्दाचा इतिहास मात्र तिला दुजोरा देत नाही. आणि तो तपासायला सोलापूर हे गाव फार सोयीचे आहे, असे आम्हांला वाटते.

'कसब' मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने मराठीत आलेला. त्याचा मूळ अर्थ कमाई, संपादन. अश्अरी धर्मशास्त्रात हीच संज्ञा येते : कृती ईश्वर निर्माण करतो, पण माणूस ती कमावतो आणि म्हणून तिचा जबाब त्यालाच द्यावा लागतो. मराठीने या शब्दाचे 'धंदा' आणि 'नैपुण्य' हे दोन्ही अर्थ सांभाळले. इतकेच नव्हे, तर ज्या स्त्रीच्या धंद्याकडे समाजाने बोट दाखवले, तिलाही 'कसबीण' म्हटले.

आणखी एक 'कसब' मराठीत आहे : सोन्याचांदीची तार, जर. हा शब्दही अरबी, पण वेगळ्या धातूचा. त्यातला 'क' घशातून येणारा आणि 'स' जड. त्याचा मूळ अर्थ बोरू, वेत. परगण्याचे मुख्य गाव तो 'कसबा', हा त्याच धातूचा शब्द. अरबी कानाला वेगळे वाटणारे हे ध्वनी मराठी जिभेवर एकरूप झाले. सोलापुरात उत्तर कसबा आणि दक्षिण कसबा हे भाग आजही आहेत आणि शहराची ओळख विणकामाची आहे. गाव, धागा आणि हात यांचे शब्द इथे शेजारी नांदतात.

इंग्रजीतही असाच प्रकार घडला आहे. उमेदवारीच्या जुन्या करारनाम्यांत धंद्याची 'आर्ट अँड मिस्टरी' शिकवण्याचे वचन उस्ताद देत असे. ही 'मिस्टरी' म्हणजे गूढ नव्हे. गूढार्थाचा शब्द ग्रीकमधून आला. हा लॅटिन 'मिनिस्टेरियम'वरून, म्हणजे सेवा, काम यावरून, आणि फ्रेंच 'मेतिए' त्याचाच भाऊ. उच्चारसाम्याने दोन्ही एकमेकांत मिसळले. 1563 च्या कायद्याने तिथे सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली. ती सक्ती 1814 मध्ये उठली. पुढे शब्दाचा हा अर्थही वापरातून जवळजवळ गेला. शेक्सपिअरच्या 'मेझर फॉर मेझर'च्या चौथ्या अंकात तो जिवंत भेटतो. कुंटणखान्याच्या दलालाला मदतनीस म्हणून दिले, तर आपल्या 'मिस्टरी'ला बट्टा लागेल, अशी फाशी देणाऱ्याची तक्रार आहे. दलाल उत्तर देतो, की रंगकाम ही मिस्टरी असेल, तर रंगरंगोटी करणाऱ्या आमच्या बायकांचा धंदाही मिस्टरीच ठरतो. 'कसबीण' हा शब्द ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

आता मागाकडे वळू. 1884 च्या सोलापूर गॅझेटियरमध्ये इथल्या विणकऱ्यांची नोंद आहे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी पुढे या शहराचे विणकाम पेलले. घरच्या मागावर मूल आधी कांड्या भरते, मग तुटलेला धागा जोडते आणि फार उशिरा धोट्याला हात लावते. सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्डच्या पुठ्ठ्यांतील छिद्रांत साठवता आली. ताणा किती ताणावा, खळ किती द्यावी, हे मात्र हाताला रोजच्या कामातूनच उमगत गेले. ज्ञान आणि कमाई इथे वेगळी काढता येत नाहीत. शब्दालाही ती वेगळी काढायची नव्हती.

आपले काव्यशास्त्रही वेगळे सांगत नाही. मम्मटाने रूढिलक्षणेसाठी निवडलेला शब्द 'कुशल' हाच आहे; मुळात तो कुश खुडणारा, बोट न कापता ते गवत आणणारा. काव्यनिर्मितीच्या बाबतीतही शक्ती, निपुणता आणि अभ्यास हे तीन हेतू नसून तिन्ही मिळून एकच हेतू होतो, हे तो बजावून सांगतो. कवितेतली मात्रा जेव्हा नेमकी बसते, तेव्हा तिथे देणगी कुठे संपली आणि कमाई कुठे सुरू झाली, हे कोणत्या समीक्षकाला दाखवता येईल? म्हणून लेखकाकडे कसब आहे असे म्हणावे, आणि 'पण' न लावता तिथेच थांबावे.