रानडुकराची शिकार : शिकणारे आणि शिकवणारे

भुईमुगाच्या किंवा ज्वारीच्या रानात माळ्यावर बसून ज्यांनी रात्री काढल्या आहेत, त्यांना रानडुक्कर म्हणजे काय हे मी सांगायला नको. कळप एकदा पिकात शिरला म्हणजे खातो थोडे, आणि उकरून, तुडवून नासतो फार. सकाळी जाऊन पाहावे तर नांगर फिरवल्यासारखे रान झालेले असते. आता गंमत पाहा. याच जनावराच्या पाठीमागे, हातात बंदूक न घेता केवळ भाला घेऊन, घोडा फेकण्याचा नाद इंग्रज अधिकाऱ्यांना शतकाहून अधिक काळ होता. विलायतेहून नुकताच उतरलेला कोवळा पोरगा ही विद्या शिकत कसा असे, आणि त्याला ती शिकवीत कोण असे, याची हकीकत आज तुमच्यापुढे मांडायची आहे.

आपल्याकडे डुकराची शिकार नवी नव्हे. चालुक्य राजांच्या राजमुद्रेवर वराह होता आणि दक्षिणेतल्या सोन्याच्या नाण्याला ‘वराह’ हेच नाव पडले. त्याच चालुक्यांच्या कल्याणीच्या शाखेतला राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा ग्रंथ रचला. त्यात राजाने करायच्या विनोदांमध्ये मृगयेचे प्रकरण आहे, आणि पाकाच्या भागात रानडुकराचे मांस कसे शिजवावे हेही आहे. ज्याला देव मानले, मुद्रेवर मिरवले, त्याचेच मांस ताटात, याचे त्या काळी कोणाला वावगे वाटले नसावे.

इंग्रजांचा प्रकार वेगळा. बंगालमध्ये ते आधी घोड्यावरून अस्वलाला भाला मारीत. अस्वले विरळ झाली तेव्हा डुकराकडे वळले. हा खेळ मग मुंबई इलाख्यातही आला. अहमदनगरला (आता ते अहिल्यानगर) लष्कराची छावणी होती आणि भोवताली मोकळे माळ, ओढे, काटेरी झुडपे, म्हणजे घोडदौडीला हवे तसे रान. दोन्हीकडचे भाले मात्र सारखे नव्हते. बंगालचा भाला आखूड, सुमारे साडेसहा फुटांचा, वरच्या टोकाला शिसे भरून जड केलेला. तो वरून खाली खुपसायचा. आपल्याकडचा त्याहून लांब, भरीव बांबूचा. तो हाताखाली, आडवा धरायचा. कोणता चांगला यावर साहेबलोकांत मोठे वाद होत.

शिकाऊ उमेदवारासाठी पुस्तकेही निघाली. त्यांतले एक 1889 साली लंडनला छापले गेले. लेखक कोण म्हणाल? रॉबर्ट बेडन-पॉवेल. शिक्षकमंडळींच्या कान टवकारण्याजोगी ही गोष्ट आहे, कारण शाळेच्या मैदानावर ज्या बालवीरांची तुम्ही रांग लावता, त्या चळवळीचा जनक तोच. ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक 1908 चे. त्याच्या एकोणीस वर्षे आधी या गृहस्थाने डुकराच्या शिकारीवर ग्रंथ लिहिला होता. जमिनीवरचा माग वाचणे, वाऱ्याची दिशा पाहणे, गप्प राहून रान ऐकणे, हे धडे बालवीरांच्या पुस्तकात आले त्यामागे हिंदुस्थानातली शिकारही आहे.

नवशिक्याचा पहिला धडा भाल्याचा नव्हे, घोड्याचा. डुक्कर दिसायला बोजड, पण पहिल्या पल्ल्यात चांगल्या घोड्याला दमवते. ते नाल्यातून, दगडधोंड्यांतून, बाभळीच्या जाळीतून पळणार. स्वाराने खाली जमिनीकडे पाहत बसायचे नाही. पाय कुठे टाकायचा ते घोड्याने ठरवायचे, स्वाराची नजर डुकरावर. दुसरा धडा भाल्याचे टोक सांभाळण्याचा. तीन-चार स्वार एकत्र दौडत असत आणि घोडा ठेचाळला तर आपलाच भाला आपल्याला किंवा शेजाऱ्याला लागायचा. म्हणून अनुभवी मंडळी नव्याच्या बाजूने जायला जरा नाखूशच असत!

तिसरा धडा सगळ्यांत अवघड. दमलेले डुक्कर आधी एकदम काटकोनात वळते, आणि घोडा वेगात पुढे निघून जातो. असे दोनचार वेळा झाले की ते पळणे सोडून उलटते. निवडणुकीत अमक्याने मुसंडी मारली असे आपण वाचतो, ती मुसंडी खरी या जनावराची. खाली मुंडी घालून ते सरळ येते आणि खालच्या सुळ्याने वर फाडते. नराच्या खांद्यावरचे कातडे ढालीसारखे जाड. तिथे भाला नीट बसत नाही. अशा वेळी नवशिक्या घाबरून लगाम ओढतो, आणि तीच चूक. उभ्या घोड्याचे पोट फाटते. घोडा वेगात ठेवूनच डुकराला सामोरे जायचे, हा नियम पुन्हापुन्हा बजावलेला असे. ज्याच्या भाल्याला पहिले रक्त लागले त्याचा मान, सुळे त्याचे. मादीला मारायचे नाही.

हे सारे पुस्तकात आहे. पण डुक्कर मुळात सापडायचे कसे? ते काम साहेबाचे नव्हते. दिवस उजाडायच्या आत गावचा पारधी किंवा भिल्ल माग काढून येई. ओल्या मातीत खुराच्या मागे उमटलेले दोन लहान ठसे, झाडाच्या बुंध्याला घासलेला चिखल, ताजे उकरलेले कंद, एवढ्यावरून कळप आहे की एकांडा नर, आणि तो कोणत्या जाळीत बसला आहे, हे तो सांगे. डुकराची नजर मंद, पण नाक आणि कान फार तिखट. म्हणून वारा पाहून हाका घालायचा. हाकेकरी काठ्या बडवीत, आरडाओरडा करीत पायी जाळीत शिरत. घोड्यावरच्या माणसाला भाला होता, वेग होता, हाकेकऱ्याला काठी. उलटलेले डुक्कर आधी कोणाला गाठणार, हे सांगायला नकोच.

याला चांगली बाजू नव्हती असे नाही. जेम्स औट्रॅम या अधिकाऱ्याने 1825 पासून खानदेशात धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली. तो नामांकित शिकारी होता. भिल्लांबरोबर रानात हिंडून, वाघाची शिकार करून त्याने त्यांचा विश्वास मिळवला. औट्रॅमचे चरित्र लिहिले गेले. ज्यांनी त्याला खानदेशचे रान दाखवले त्यांची नावे मात्र शोधूनही हाती लागणे कठीण.

आता शेतकऱ्याकडे या. जिथे भाल्याची शिकार चाले, तिथे डुकराला गोळी घालणे साहेबलोकांत मोठे पाप समजत. इंग्लंडात कोल्ह्याला गोळी घालण्यासारखे. डुकरे राखली पाहिजेत, नाहीतर खेळ संपेल. आणि ती राखली जात कोणाच्या पिकावर? शिवाय 1878 च्या हत्यारांच्या कायद्याने हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना लागू झाला. युरोपियनांना त्यातून सूट होती.

इथे एक साल लक्षात ठेवण्यासारखे आहे, 1883. मेरठजवळ गंगेच्या खादरात, म्हणजे पुराच्या पट्ट्यात, भाल्याच्या शिकारीची मोठी स्पर्धा भरे. तिचे नाव कादर कप. त्या वर्षी तो बेडन-पॉवेलने जिंकला. आणि त्याच 1883 साली पुण्यात जोतीराव फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा करीत होते. त्यात त्यांनी या हत्यारांच्या कायद्यावर नेमके बोट ठेवले आहे. रात्री डुकरे शेते खातात आणि शेतकऱ्याला साधी गावठी बंदूकही जवळ ठेवू देत नाहीत. तर मग, फुले म्हणतात, राखणीचे काम पोलिसखात्याकडे द्या, आणि तरीही डुकरांनी पीक खाल्ले तर नुकसान वरिष्ठ अंमलदारांच्या पगारातून किंवा सरकारी खजिन्यातून भरून द्या. एकाच जनावराबद्दल, एकाच वर्षी, एकीकडे चषक आणि दुसरीकडे हा अर्ज. त्या काळच्या राज्यकारभाराचा इतिहास विद्यार्थ्यांना शिकवायचा तर हे दोन कागद शेजारीशेजारी ठेवावेत, असे मला वाटते.

माग काढणाऱ्याचे काय झाले? फासे लावून पोट भरणारा पारधी समाज ‘गुन्हेगार जमात’ म्हणून नोंदला गेला. 1871 चा तो कायदा 1911 मध्ये नव्या रूपात मुंबई इलाख्यालाही लागू झाला. हजेरी, गावाबाहेर जाण्याला परवानगी, सगळे आले. कायदा 1952 मध्ये रद्द झाला. शिक्का अजून पुरता पुसलेला नाही.

कादर कप दुसऱ्या महायुद्धाबरोबर बंद पडला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानडुकराला संरक्षण मिळाले. 2022 च्या दुरुस्तीत याद्यांची फेरमांडणी झाली, तरी ते संरक्षित यादीतच आहे. परवानगीवाचून मारणे गुन्हा आहे. पिकाचा फार नाश होत असेल तर वनखात्याकडे रीतसर अर्ज करता येतो. नुकसानभरपाईही सरकारी खजिन्यातून मिळते. फुल्यांच्या मागणीतला तेवढा भाग मान्य झाला आहे. त्यासाठी पंचनामा व्हावा लागतो, म्हणून उकरलेले रान तसेच ठेवा आणि खबर त्याच दिवशी द्या.