वामन, बळी आणि झारीतला शुक्राचार्य

माणसावर उलटणाऱ्या बुद्धिमान यंत्राची कल्पना मराठी कादंबरीत आली तेव्हा त्या यंत्राला नाव मिळाले ते वामनाचे. जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला' (१९८६) या कादंबरीची चर्चा बहुधा तिच्यातील विज्ञानाच्या अंगाने होते. आम्हांला हे नावच अधिक बोलके वाटते.

कारेल चापेकच्या 'आर. यू. आर.' या चेक नाटकाने (प्रयोग प्राग, १९२१) 'रोबोट' हा शब्द जगाला दिला. त्याच्या मुळाशी 'रोबोता' म्हणजे वेठबिगार. तेथील यंत्रमानवांचे बंड हे वेठीस धरलेल्यांचे बंड आहे. नारळीकरांचा वामन एका लुप्त, प्रगत संस्कृतीच्या ज्ञानातून घडलेला आहे. त्याला हवे आहे आपल्यासारखीच यंत्रे घडवण्याचे सामर्थ्य. म्हणजे तो गुलामापेक्षा याचकाच्या जवळचा. मागणी लहान दिसते, आणि धोका नेमका देण्यात आहे.

महाराष्ट्रात मात्र वामन हे नाव केवळ पौराणिक राहिलेले नाही. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) बळीला रयतेचा राजा आणि वामनाला कपटी आक्रमक ठरवले. नारळीकरांना फुले अभिप्रेत होते असे आमचे म्हणणे नाही. पण बळीचे राज्य येवो असे म्हणणाऱ्या समाजातील वाचक ही कादंबरी बळीच्या बाजूनेच वाचणार.

या कथेतला तिसरा माणूस आपण विसरतो. शुक्राचार्यांनी बळीला वेळीच सावध केले होते. दानाचे पाणी अडवण्यासाठी ते झारीत शिरले आणि एक डोळा गमावून बसले. मराठीने त्यांचे काय केले? 'झारीतला शुक्राचार्य' म्हणजे चांगल्या कामात आडवा येणारा! कादंबरीतही नष्ट झालेल्या संस्कृतीचा इशारा आहे, आणि तो ऐकायचा की नाही, हाच तिचा खरा पेच आहे.

आमचे सिंदी (मेघे) वर्ध्याला लागून, सेवाग्राम जवळच. 'हिंद स्वराज्य' (१९०९) लिहिणाऱ्या गांधींनाही यंत्रयुगाच्या झारीतले शुक्राचार्य ठरवून आपण मोकळे झालो. वस्तुतः १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद आवर्जून केला होता. त्यांची चिंता यंत्राच्या बुद्धीची नव्हती, माणसाच्या रिकाम्या हातांची होती; लिहिणारी-बोलणारी यंत्रे वर्गात आल्यावर आता या दोन चिंता वेगळ्या काढणे कठीण झाले आहे. आणि १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, तेव्हा अट अशी होती की तो साध्या झोपडीत, हाताने किंवा पायाने चालवता यावा.